राजारामपुरीतला कोरियन क्लास: 'जाऊन येतो' म्हणणाऱ्यांनी लावायलाच पाहिजे

क्लास चांगलाय, लावा. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालतंय. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण कोल्हापुरात कोरियन क्लास म्हटलं की लोकं आधी हसतात आणि मग हळूच विचारतात फी किती. फी मी टाकत नाही, बॅचप्रमाणं बदलती, दोघं भावंडं आली तर मॅडम कमी पण करतात, त्यामुळं फोन करूनच विचारा, पुण्याच्या मानानं बरीच कमी आहे एवढं नक्की. जनता बझारपासून चालत जायच्या अंतरावर, वरच्या मजल्यावर, जिना अंधारा आहे आणि गाडी लावायला संध्याकाळी जागा मिळत नाही, ही पहिली तक्रार इथंच करून ठेवतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. बॅचमध्ये निम्म्यापेक्षा जास्त कॉलेजच्या पोरी, सगळ्या ड्रामा बघून आलेल्या, त्यांची उच्चारं आमच्यापेक्षा लय भारी. आमच्यासारखी दोनतीन नोकरीवाली मंडळी आहेत ज्यांचा डोळा पुण्याकडं आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लांट ह्युंदाईनं घ्यायचा करार 2023 साली केला, म्हणजे दुभाष्याचं काम जमलं नाही तरी मीटिंगमध्ये समोरचा काय बोलतोय ते कळालं तरी पगारात फरक पडंल असा आमचा हिशेब.

मी आधी एक ऑनलाइन कोर्स केलेला, इंग्रजीतनं शिकवणारा, नाव घेत नाही. त्यात अक्षरं चांगली शिकवली, अंक शिकवले, दुकानात जाऊन किंमत विचारायची वाक्यं शिकवली, आणि मग आलं ते प्रकरण: एक काम केलं, मग दुसरं केलं, हे सांगायचं कसं. तिथं सगळा कोर्स कोसळला. स्क्रीनवर एक तक्ता, त्यात दहाबारा प्रत्यय, प्रत्येकापुढं इंग्रजीत 'अँड', 'आफ्टर', 'अँड देन', 'आफ्टर' परत, 'अॅज सून अॅज' दोनदा. आता तुम्हीच सांगा, तीन वेगवेगळ्या प्रत्ययांपुढं 'आफ्टर'च लिहिलंय तर कुठला कधी वापरायचा हे माणसानं ओळखायचं कसं? पाठ करा म्हणे. मी पाठ केलं नाही, कोर्सच सोडला.

इथल्या मॅडमनी (इथल्याच आहेत, बोलतात पण आपल्यासारखंच, 'काय करालाय' वगैरे) ह्याच प्रकरणाच्या पहिल्या तासाला बोर्डावर कोरियन लिहिलंच नाही. मराठी वाक्यं लिहिली. जेवून झोपलो. जेवल्यावर झोपलो. जेवून झाल्यावर झोपलो. जेवल्या जेवल्या झोपलो. जेवता जेवता झोपलो. जेवायच्या आधी झोपलो. आणि म्हणाल्या, ह्यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला होता का? नाही ना, मग घाबरताय कशाला, कोरियनमध्ये पण हेच आहे, क्रियापदाच्या शेपटीला प्रत्यय लागतो आणि मेन क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तुमच्याकडं सगळं सामान आधीपासनं आहे. ह्या एका तासासाठी मी क्लासला पाच पैकी चार देतोय.

(कोरियन शब्द मी देवनागरीतच लिहितोय. 'ऑ' लिहिलंय तिथं तोंड थोडं उघडं, 'ओ' लिहिलंय तिथं गोल. क्लासमध्ये मात्र देवनागरीत लिहिलेलं चालत नाही, हांगुलच लिहायचं, आणि बरोबरच आहे, सेजोंग राजानं 1443 साली लिपी बनवली ती लोकांना पटकन यावी म्हणूनच, आठवड्यात बसती हाताला.)

आता मॅडमचं म्हणणं कुठवर खरं ठरतंय ते बघू. 'जेवायच्या आधी' म्हणजे 'मॉक्की जॉने'. 'मॉक्ता' खाणं, त्याला 'गी' लावून क्रियापदाचं नाम केलं आणि पुढं 'जॉने' म्हणजे आधी. आपण पण 'जेवणे' चं 'जेवण्या' करून पुढं 'आधी' लावतो, जसंच्या तसं. वाक्य भूतकाळातलं असलं तरी 'गी' च्या आधी भूतकाळ घालायचा नाही. जेवायच्या आधी हात धुतले, ह्यात 'धुतले' वर काळ आहे, 'जेवायच्या' वर नाही. इंग्रजीतनं शिकलेली पोरं इथं हमखास दोन्हीकडं भूतकाळ चिकटवतात, आमच्या बॅचमध्ये एकानं पण चिकटवला नाही. आणि हेच 'जॉन' पुढं 'तीन वर्षांपूर्वी' म्हणायला पण वापरतात, साम्न्यॉन जॉने, आपलं 'पूर्वी' जसं दोन्हीकडं चालतं तसं.

त्याहून भारी 'नंतर'वालं. जेवल्यावर, जेवल्यानंतर म्हणजे 'मॉगुन हूए'. 'हू' च्या जागी 'द्वी' किंवा 'दाउम' पण चालतं, अर्थ तोच, लिहिण्यात 'हू' जास्त दिसतं. ह्यातली गंमत अशी की 'हूए' च्या आधी क्रियापदाचं झालेलं रूपच लागतं, गोष्ट उद्याची असली तरी. उद्या क्लास संपल्यावर भेटू. 'संपल्या' बघा, उद्याची गोष्ट आहे आणि रूप झालेलं आहे. कोरियनमध्ये पण तसंच, 'क्कुन्नान हूए', उद्या असो काल असो 'क्कुन्नान' च. हे इंग्रजी तक्त्यातनं कधीच कळलं नसतं, मराठीत सांगितल्यावर समजवायला एक मिनिट पण लागलं नाही.

आणि 'आल्या आल्या'! घरी आल्या आल्या म्हणजे 'जिबे ओजामाजा'. 'जामाजा' हा प्रत्यय क्रियापदाच्या मुळाला लागतो, काळ नाही, काही नाही, आणि पुढं हुकूम केला तरी चालतंय, पोचल्या पोचल्या फोन कर. पहिल्या बाकावरच्या पोरींनी तर हे ड्राम्यातनं आधीच उचललेलं. ह्याचाच एक चुलत भाऊ आहे, 'नुन देरो', त्याचा अर्थ पण 'पोचलास की लगेच' असाच काढतात, पण तो ठरवून करायच्या कामाला लागतो. बाहेर पडल्या पडल्या पाऊस आला, ह्या वाक्याला 'जामाजा' चालतं, 'नुन देरो' चालत नाही, कारण पाऊस काय कुणी ठरवून आणत नाही. ह्या फरकावर मॅडमनी अगदी घाईत हात फिरवला, तास संपत आला होता म्हणून. हे पुढच्या लेव्हलचं आहे असं म्हणाल्या, मग काढलं कशाला, आणि काढलं तर नीट सांगायचं की.

आता खरी अवघड जागा, जिथं मराठी माणूस पण अडखळतो. आपला 'ऊन'. जेवून, जाऊन, भेटून, बसून, घालून, सगळ्याला आपण एकच 'ऊन' लावून मोकळे. कोरियनमध्ये त्याचे दोन वाटे होतात, 'गो' आणि 'आसॉ' (क्रियापदाप्रमाणं 'ऑसॉ' पण होतं). मॅडमचं उदाहरण, 'मित्राला भेटून पिक्चर बघितला'. ह्याचे दोन अर्थ निघतात, मित्राला भेटलो आणि त्याच्याबरोबर पिक्चरला गेलो, किंवा मित्राला भेटलो, तो गेला घरी, मी एकटा पिक्चरला. पहिला अर्थ पाहिजे असंल तर 'छिन्गुरुल मान्नासॉ', दुसरा पाहिजे असंल तर 'मान्नागो'. म्हणजे पहिल्या कामातनं जे आलं ते दुसऱ्या कामात सोबत येत असंल तर 'आसॉ', दोन कामं नुसती एकामागं एक असतील, एकमेकाशी देणंघेणं नसंल, तर 'गो'.

ह्यावर क्लासमध्ये जी चर्चा झाली ती मला लय आवडली कारण मॅडमनी आम्हाला कोल्हापूरचीच वाक्यं करायला लावली. रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली: भेळ तिथंच खाल्ली म्हणून 'गासॉ'. सीबीएसला (एसटी स्टँडवर) उतरून रिक्षा केली: 'नेर्यॉसॉ'. सकाळी उठून तालमीत गेलो: 'इरॉनासॉ'. दात घासून आंघोळ केली: दोन्हीचा संबंध नाही, 'गो'. गंगावेशीत जाऊन कट्ट्यावर दूध प्यालो: 'गासॉ'. मग एकीनं विचारलं, अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडला खरेदी केली, ह्याला काय? निम्मी बॅच 'आसॉ' म्हणाली, देवीच्या कृपेनंच खरेदी होती म्हणून. हसून हसून बेजार. उत्तर 'गो', दर्शन वेगळं खरेदी वेगळी.

ह्यात परत एक पोटनियम आहे जो मॅडमनी चांगला सांगितला. अंगावर घालायचं, हातात धरायचं, गाडीत बसायचं अशा क्रियापदांना 'गो' च लागतं, जरी पहिल्या कामाची अवस्था दुसऱ्या कामात चालू राहत असली तरी. कोल्हापुरी चप्पल घालून गेलो, 'शिन्को गास्सॉयो'. केएमटीत (सिटी बसमध्ये) बसून गेलो, 'थागो'. आता वरच्या नियमानं बघितलं तर चप्पल पायात राहतीच की, मग 'आसॉ' पाहिजे होतं, पण नाही, घालणं, चढणं, उचलणं, धरणं ह्यांची टोळी वेगळी, ती तशीच लक्षात ठेवायची. बसून, उभं राहून, उठून, जाऊन, येऊन, भेटून, उतरून ही दुसरी टोळी. वहीत दोन रकाने करा, आठवड्यात पाठ होतंय.

'आसॉ' चं आणखी एक काम म्हणजे कारण सांगणं, आणि इथं मला परत मराठीच आठवली. पाऊस पडून रस्ता बंद झाला. इथं आपला 'ऊन' पण कारणच सांगतोय ना. कोरियनमध्ये पण 'बीगा वासॉ', पाऊस येऊन, पाऊस आल्यामुळं. पण कारणवाल्या 'आसॉ' पुढं हुकूम करायचा नाही असा नियम आहे, 'बीगा वासॉ छत्री ने' असं कोरियन माणूस म्हणत नाही, तिथं 'बीगा ओनिक्का' म्हणतो. पुस्तकात हा नियम चौकट करून दिलाय, दोन पानं उदाहरणं. मॅडमनी एवढंच विचारलं, मराठीत 'पाऊस येऊन छत्री ने' म्हणाल का? नाही म्हणणार, 'पाऊस यायलाय तर छत्री ने' म्हणाल. झालं. आणि 'बसून वाट बघा' ला हुकूम चालतो, कारण तिथं 'आसॉ' क्रम सांगतोय, कारण नाही. 'आन्जासॉ गिदारिसेयो'. चौकटीची गरजच पडली नाही.

'गो नासॉ' म्हणजे आपलं 'करून झाल्यावर'. पहिलं काम पूर्ण आटोपलं, भांडं घासून पालथं घातलं, मग दुसरं, असा जोर त्यात असतो. हे 'जाणं', 'येणं' असल्या क्रियापदांना शोभत नाही, तिथं 'आसॉ' वापरायचं. इथं पुस्तक आणि मॅडम दोघंही बरोबर, मी काही टिप्पणी करत नाही.

ज्या दिवशी ह्या सगळ्याची उजळणी होती त्या दिवशी मॅडमनी मिसळ लावायला सांगितली, म्हणजे तोंडी. प्रत्येकानं एक पायरी कोरियनमध्ये सांगायची, मागच्याच्या वाक्याला प्रत्यय लावून जोडायची, आणि एकच प्रत्यय सलग दोनदा आला की तो आउट. आधी मटकीची उसळ घालून, मग फरसाण टाकून, कट ओतल्यावर, वरनं कांदा कोथिंबीर, खायच्या आधी लिंबू पिळायचं, ब्रेड बुडवत बुडवत खायचं. फरसाण आधी का कट आधी ह्यावरनं दोन गट पडले आणि वीस मिनिटं मराठीत भांडण, मॅडम पण त्यात सामील. पण भांडण संपल्यावर सगळ्यांच्या तोंडात 'नॉखो', 'नॉउन हूए', 'मॉक्की जॉने' बसलेलं होतं, त्यामुळं वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही. मग त्यांनी शिन राम्यनचं (कोरियन इन्स्टंट नूडल्स) कोरियातलं पाकीट दाखवलं, मागं कृती छापलेली: 550 मिली पाणी उकळल्यावर मसाला घालून, शेवया घातल्यावर 4 मिनिटं 30 सेकंद आणखी उकळायचं. त्यात 'क्कुरिन हू' आहे, 'नॉखो' आहे, 'नॉउन हू' आहे, सगळे आपले ओळखीचे. पाकीट वाचता आलं तेव्हा वर्गात जो आरडाओरडा झाला तो खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन बघितला. औषधाच्या पुडीचा फोटो पण दाखवला, 'सिखू 30 बुन', जेवणानंतर 30 मिनिटांनी. हेच 'हू' तिथं. असलं खरं साहित्य आणतात हा ह्या क्लासचा मोठा गुण.

परीक्षेच्या दृष्टीनं ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी. टोपिक म्हणजे कोरियन भाषेची सरकारी परीक्षा, तिच्यातली पहिली 200 मार्कांची, ऐकण्याचे 30 प्रश्न आणि वाचनाचे 40, वेळ 100 मिनिटं, 80 पडले की लेव्हल एक, 140 पडले की लेव्हल दोन, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. त्यात 57 आणि 58 नंबरचे प्रश्न असे असतात की चार वाक्यं उलटीसुलटी दिलेली, त्यांचा बरोबर क्रम लावायचा. म्हणजे हे प्रकरण नुसतं बोलण्यापुरतं नाही. मॅडम ह्याची तयारी कागदाच्या पट्ट्या कापून घेतात, चौघांच्या गटाला चार पट्ट्या, ज्या वाक्याच्या सुरुवातीला 'म्हणून', 'पण', 'तो', 'तिथं' असं काही आहे ते पहिलं असूच शकत नाही, आधी ती बाजूला काढा, मग काळ बघा, मग प्रत्यय. चांगली पद्धत आहे. फक्त पट्ट्या जुन्या झाल्यात, त्याच त्याच येतात, तिसऱ्या वेळी पोरं वाचायच्या आधीच क्रम लावतात. नवीन करा की मॅडम.

आता तक्रारींकडं येतो.

खोली लहान आहे. पंखा एक, तो पण मॅडमच्या डोक्यावर. एप्रिल मे मध्ये जीव जातोय. ऐकण्याचा सराव मोबाइलच्या स्पीकरवर, मागं बसलं तर रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये 'गो' आणि 'गी' मधला फरक काय कळत नाही, त्यामुळं पुढं बसायला मिळावं म्हणून लोकं वीस मिनिटं आधी येतात. एक साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या, आम्ही वर्गणी काढतो पाहिजे तर. झेरॉक्स नोट्स इतक्या फिकट की हांगुलच्या बारक्या आडव्या रेघा उडून जातात आणि एक रेघ उडाली की अक्षरच बदलतं. रेकॉर्डिंग देत नाहीत, सेकंड शिफ्ट आली आणि तास बुडला की बुडला, दुसऱ्याची वही बघा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला गृहपाठ तपासून यायला एवढा वेळ लागतो की तोवर आपण पुढच्या धड्यावर गेलेलो असतो आणि आपण काय लिहिलं होतं हे आपल्यालाच आठवत नाही.

शिकवण्यातली तक्रार एकच पण ती मोठी आहे. मराठीवरनं शिकवणं जिथं जुळतं तिथं सोन्यासारखं आहे, पण जिथं जुळत नाही तिथं मॅडमनी थांबून सावध करायला पाहिजे, आणि ते प्रत्येक वेळी होत नाही. उदाहरण 'दागा'. हा प्रत्यय एक काम चालू असताना मध्येच दुसरं झालं की लागतो, मॅडमनी सांगितलं 'जेवता जेवता'. मग पोरांनी लगेच वाक्य केलं, जेवता जेवता फोन आला, 'बाबुल मॉक्तागा' वगैरे. चूक. 'दागा' च्या दोन्ही बाजूला कर्ता एकच लागतो. जेवणारा मी आणि येणारा फोन, दोन वेगळे झाले. जेवता जेवता फोन उचलला असं पाहिजे, मग जेवणारा पण मी, उचलणारा पण मी. मराठीत आपण दोन्ही बिनधास्त बोलतो म्हणून हा खड्डा दिसत नाही. 'म्यॉन्सॉ' चं पण तेच, चालता चालता बोलणारा एकच माणूस पाहिजे, आई स्वयंपाक करत असताना मी टीव्ही बघितला म्हणायचं असंल तर 'हानुन दोंगान' म्हणायचं. हे सगळं आम्हाला गृहपाठ परत आल्यावर लाल पेनातनं कळलं, बोर्डावरनं नाही.

'दागा' ला भूतकाळ लावला की परत वेगळाच अर्थ होतो हे तर एका वाक्यात उरकलं. खिडकी उघडता उघडता थांबलो ते 'यॉल्दागा', पूर्ण उघडली आणि मग परत लावली ते 'यॉरॉत्तागा'. हे इतकं कामाचं आहे, रोज लागतंय, दुकानात जाऊन आलो, वर चढून परत खाली आलो, ह्याला पूर्ण एक तास द्यायला पाहिजे होता. फरसाणावर वीस मिनिटं जातात, ह्याला दोन मिनिटं.

पण मग त्याच मॅडम असं काहीतरी सांगून जातात की तक्रार विसरायला होतंय. कोरियन घरातनं बाहेर पडताना म्हणतात 'दान्यॉ ओगेस्सुम्निदा', म्हणजे जाऊन येतो. 'जातो' नाही म्हणत. परत आल्यावर 'दान्यॉ वास्सुम्निदा', जाऊन आलो. आणि कुणाला काही वाढताना 'मॉगॉ बोसेयो', खाऊन बघा. खाऊन 'बघा', बघणं हेच क्रियापद, जसं आपण वापरतो. बॅचमधल्या एका काकूंनी (मुलगी तिकडं शिकायला गेलीय म्हणून शिकतात) त्या दिवशी मुलीला फोनवर हे वाक्य म्हणून दाखवलं आणि तिकडनं काय उत्तर आलं ते वर्गात सांगितलं नाही पण डब्यातनं सगळ्यांना लाडू दिले, 'मॉगॉ बोसेयो' म्हणत. काळ मोजायचं वाक्य पण असंच घरचं वाटतं, कोरियन शिकायला लागून वर्ष झालं, 'हान्गुगॉरुल बेउन जी इल्न्यॉनी द्वेस्सॉयो', शेवटचं 'द्वेस्सॉयो' म्हणजे 'झालं' च. फक्त लिहिताना 'जी' च्या आधी जागा सोडायची, ते मॅडम कटाक्षानं बघतात, मार्क कापतात.

कुणी लावावा? ज्यांनी अॅपवरनं शब्द बरेच गोळा केलेत पण दोन वाक्यं जोडायला गेलं की प्रत्येक वेळी 'गुरिगो, गुरिगो', आणि मग, आणि मग, असं होतंय त्यांनी डोळे झाकून लावावा, त्यांची गाडी इथं सुटंल. ज्यांना इंग्लिश मीडियममुळं मराठीच धड येत नाही त्यांना थोडं जड जाईल, आमच्यात दोघं होते तसले, 'जेवल्या जेवल्या' आणि 'जेवता जेवता' मधला फरक त्यांना आधी मराठीत सांगावा लागला. ज्यांना फक्त ड्राम्यातले डायलॉग पाहिजेत त्यांनी फी वाचवावी. अगदी सुरुवातीपासनं शिकणाऱ्यांनी अक्षरं घरी शिकून यावं, क्लासमध्ये त्याला वेळ कमी देतात.

शनिवारची संध्याकाळची बॅच भरलीय, रविवार सकाळच्या बॅचला अजून जागा आहेत असं परवा ऑफिसमध्ये कळालं. मी पुढची लेव्हल रविवारचीच घेतलीय, सकाळी गाडी तरी लावायला मिळती. 'नुन देरो' आणि 'दागा' परत घ्या असं अर्जावर शेवटच्या रकान्यात लिहून दिलंय, तुम्ही पण लिहा, चारपाच जणांनी लिहिलं तर घेतील.